लाल पाचर

— नाही, नाही, तसं छातीठोक सांगता येणार नाही मला, ताई. शेहेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणूस एखादी गोष्ट आठवत नसतो, आठवलेलं आठवत असतो — आणि मी तर ती सकाळ इतक्यांदा उलगडून घडी घातली आहे, की घडीवरच विरली आहे ती. पाऊस होता असं मला वाटतं. हवामानाच्या नोंदीत पाऊस नाही. आता बोला! तेव्हा मी सांगेन त्यातलं निम्मं — निम्मं नको, चौथा हिस्सा — तुम्ही तपासून घ्या. कागद आणलेच आहेत तुम्ही. ते मांडीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. आणि नीट टेकून बसा, ती खुर्ची मोडणार नाही. जुनी दिसते फक्त. नवीकोरी आहे. माझ्या मुलीने आणली. कारखान्यात साखळीने बडवतात, दाभणाने भोकं पाडतात, म्हणजे कीड लागल्यासारखी दिसतात — आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे? ‘डिस्ट्रेस्ड’. मी म्हटलं, अगं, हा शब्द कानावर आला की मी चाळीस वर्षं ताडकन उभा राहत होतो, आणि तू त्यावर बसायला सांगतेस? ती म्हणाली, बाबा, सगळ्या गोष्टी तुमच्या रेडिओवर नेऊ नका.

मघाशी दार उघडून मी नुसता उभा राहिलो, तुमच्याकडे बघत, तोंडातून शब्द नाही, आणि तुम्ही बिचाऱ्या पायपुसण्यावर — त्याबद्दल माफ करा. बहिरा नाही मी. वेडाही नाही, निदान तशी तक्रार अजून लेखी आलेली नाही. तुम्ही बेल वाजवलीत ती नेमकी पावणेअकराला. ते घड्याळ बघा. भिंतीवरचं. त्याच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवल्या आहेत ना — एक पंधरा ते अठरा मिनिटं, एक पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस? ते आमच्या किनाऱ्यावरच्या केंद्राचं घड्याळ, जिथून आम्ही जहाजांशी रेडिओवर बोलायचो. केंद्र बंद झालं तेव्हा सगळ्यांना पेन दिली, मला हे दिलं, मी मागून घेतलं म्हणून. काटा लाल पाचरीत शिरला की बोलायचं नाही. अजून नाही बोलत मी. मुलगी म्हणते, लोकांचे बाप देवळात जातात, आमचा बाप दर अर्ध्या तासाला मौनात जातो.

तुम्हाला हे ठाऊक असेल — वडिलांनी सांगितलं असेल? हो, सहा वर्षांच्या होतात तुम्ही, काय सांगणार. तर ऐका, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही. समुद्रावरची सगळी जहाजं आणि किनाऱ्यावरची सगळी केंद्रं हाक मारायला एकच लहर वापरायची. एकच. मंडईत पन्नास जण एकाच वेळी ओरडतायत असं समजा — आणि तेही तोंडाने नाही, बटण दाबून, टिंब आणि रेघांच्या टिकटिकीत. त्यात एखादा लांबचा, इंजिन बंद पडलेला, बॅटरीवर कसाबसा तग धरून असलेला माणूस कुजबुजला, तर ऐकणार कोण? म्हणून तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, सगळ्या जगाने गप्प बसायचं. कोणाचाही मुलाहिजा नाही. अर्धवट वाक्य असेल तर तिथेच तोडायचं. हात बटणावरून काढायचा आणि कान द्यायचा. दोन देशांचं युद्ध असलं तरी दोन्हीकडचे गप्प बसायचे, असं आमचे मोठे साहेब सांगायचे — खरं खोटं देव जाणे, मी कुठे युद्ध पाहिलंय. पण मला तो नियम फार सुंदर वाटायचा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवणं सोडून त्या खुर्चीत जाऊन बसलो तो त्या तीन मिनिटांसाठी, असं म्हटलं तरी चालेल. वर्गात कोण गप्प बसतं तीन मिनिटं?

चहा? नको? मीही नकोच म्हणणार होतो, माझ्या हातून बशीत जास्त आणि कपात कमी राहतो.

हां. शब्द. तुम्ही तुमच्या पहिल्या पत्रात, वडिलांचं जहाज बुडालं त्या चौकशीच्या अहवालातलं त्यांच्याबद्दलचं वाक्य उतरवून काढलं होतंत — ‘रेडिओ अधिकाऱ्याने डिस्ट्रेसची हाक दिल्याचा कोणताही पुरावा नाही, सबब कर्तव्यात कसूर.’ त्या ‘सबब’वर मी खूप वेळ बोट ठेवून बसलो होतो. आता आमच्यात हाकेच्या तीन पायऱ्या. सगळ्यात खालची, नुसती सूचना: वादळ येतंय, अमुक दिवा बंद आहे, सांभाळा. त्याच्या वरची तातडी: आमच्यावर काहीतरी ओढवलंय, पण अजून तग आहे. आणि सगळ्यात वरची डिस्ट्रेस. तिचा अर्थ एकच — आम्ही जातोय, आत्ता या. आणि ती हाक रेडिओवाल्याला आपल्या मनाने देता येत नाही बरं का, कप्तानाने तोंडाने ‘द्या’ म्हणावं लागतं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो शब्द घरोघर स्वस्त करून टाकलाय. गाडी चुकलेली बाई डिस्ट्रेसमध्ये. भाडेकरूची भांडीकुंडी जप्त केली तर ती जप्तीही डिस्ट्रेस. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले तर डॉक्टर तोच शब्द वापरतात — आमच्या मुलीच्या वेळी वापरला होता, मी बाहेरच्या बाकावर होतो, आणि माझं पहिलं वाक्य काय आलं तोंडातून? ‘ठिकाण सांगा.’ नर्स बघतच राहिली. हसा, हसा. माझी बायकोही हसायची सांगताना.

आमच्या घरात ती चेष्टा आधीपासूनच होती. मी केंद्रावर असताना तिचा फोन आला की मी आधी विचारायचो, ‘डिस्ट्रेस, तातडी, की सूचना?’ दूध उतू गेलं, सूचना. तिची आई राहायला येतेय, तातडी. ती म्हणायची, डिस्ट्रेस म्हणजे मी तुमच्याशी लग्न केलं तो दिवस, त्यानंतर वापरायची वेळच आली नाही... गेल्या वर्षी गेली. हो, तीच, फोटोतली. तुमच्या पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही मी. तिसऱ्याला दिलं. मध्ये ती गेली एवढंच झालं. त्याचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही.

किती झाले? अकराला चार कमी. बरं.

तुमच्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही, पण ओळखत होतो. हाताने. बटणावरचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आवाजासारखा. तुमच्या वडिलांची रेघ झाली की हात किंचित अडायचा, मग पुढचं टिंब टुणकन यायचं. आम्ही त्यांना ‘लंगडी’ म्हणायचो. रागावू नका, प्रेमाने. ‘आली रे लंगडी’ म्हणायचो, आणि खुर्ची पुढे ओढायचो, कारण तो माणूस कामाचं बोलून झालं की एखादं वाक्य घरचं टाकायचा. नियमात बसत नाही ते. एकदा सांगितलं होतं, मुलीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती शीळ घालायला शिकलीय. आले की मग दात! चांगले आले.

त्या दिवशी सोमवार. आठला मी रात्रपाळीवाल्याकडून काम घेतलं — त्याला आम्ही ‘जांभई’ म्हणायचो. तुमच्या वडिलांचं जहाज लाकूड घेऊन चाललं होतं, डेकवर ओंडके रचलेले. साधारण दहा पन्नासला — तुमच्या कागदात अठ्ठेचाळीस असेल तर अठ्ठेचाळीस — नाही, अठ्ठेचाळीस कसे, तेव्हा शांतता संपत असते — तर पन्नासला लंगडी आली. तातडी. ओंडके सरकलेत, जहाज डावीकडे कललंय, जवळ कोणी असेल तर कळवा. मी ठिकाण घेतलं, पोच दिली, आणि विचारलं — हे नोंदवहीत नाही, हे मी लिहिलं नाही — मी विचारलं, नुसती तातडीच ना? त्यावर त्यांनी एकच वाक्य दिलं. ‘म्हाताऱ्याला तो शब्द तोंडातून काढवत नाही.’ म्हणजे कप्तान. पुढे कसले कसले दावे लागतात ना मालकाच्या मागे, कप्तान लोक त्या शब्दाला फार भ्यायचे. खरं सांगू का? खरोखरच ज्यांचा जीव जात असतो ती माणसं नेहमी एक पायरी खालचा शब्द वापरतात, हे मला त्याच दिवशी — दोनदा —

काही नाही. एकदा. पुढे ऐका.

मी तो निरोप आसपासच्या जहाजांना एकदा पुढे दिला. कोणी लगेच उत्तर दिलं नाही. अकराच्या सुमाराला त्यांच्या इंजिनखोलीत पाणी शिरलं आणि वीज गेली — हे नंतर कळलं, होडीतून वाचलेल्या त्या दोन खलाशांकडून. म्हणजे उरली बॅटरी. बॅटरीवरची हाक म्हणजे भरल्या मंडईत कुजबुज. त्याच दोघांनी सांगितलं, दहा-एक मिनिटांनी कप्तान रेडिओच्या खोलीशी आला आणि म्हणाला, ‘द्या आता.’ तुमच्या वडिलांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पाच मिनिटं. पाच मिनिटांत सगळे गप्प होतील.’ हे त्या खलाशाने चौकशीत सांगितलं तेव्हा वकील हसला, ताई. वकिलाला वाटलं, जहाज बुडतंय आणि हा पाच मिनिटं थांबायचं म्हणतो. त्याचीच पुढे ‘कसूर’ झाली. पण मी तिथे बसलो होतो ना बाकावर, मला कळलं. थांबले नव्हतेच ते, मधल्या वेळातही देत असणार, पण त्यांचा भरवसा होता तो त्या लाल पाचरीवर. ती शांतता आपल्या हक्काची आहे, असं मानून चालले होते. आणि का मानू नये? त्यासाठीच तर ती होती!

मग हाक दिली की नाही? तुम्ही तेच विचारायला आलात. तुमची आई एकोणऐंशीची, फार दिवस नाहीत, हे लिहिलं होतंत. ब्रेडच्या रांगेत मागची बाई म्हणाली होती, ‘हिचा नवरा झोपला होता’, आणि त्यानंतर तुमच्या आईने त्या दुकानात पाऊल टाकलं नाही, दुसऱ्या गल्लीत जायच्या — तेही लिहिलं होतंत. ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं.

चौकशीत मला तीनच प्रश्न विचारले. सव्वा अकराची शांतता पाळलीत? पाळली. काही ऐकू आलं? नाही. तुमचं घड्याळ बरोबर होतं? मी म्हणालो — आणि हे शब्द मला अगदी तस्से आठवतात, बाकी सगळ्याबद्दल शंका घ्या, याच्याबद्दल नको — मी म्हणालो, ‘नोंदवहीत लिहिलेलं आहे.’ आणि वाचून दाखवलं. ‘नऊ वाजता घड्याळ जुळवले. फरक शून्य.’ ते खोटं बोलणं नव्हतं. वाचणं होतं. तसं लिहिलेलंच होतं. कोणी लिहिलं होतं? मीच लिहिलं होतं, दुसरं कोण लिहिणार.

अहो, तुम्ही असं बघू नका. काय बघताय? घड्याळाकडे? ते आता बरोबर आहे, रोज जुळवतो. रोज सकाळी नऊला. बायको विचारायची, निवृत्त माणसाला सेकंद कशाला हवेत? मी म्हणायचो, सवय.

नऊला काय व्हायचं ते सांगतो. रेडिओवर वेधशाळेचा वेळेचा इशारा यायचा, पिप् पिप् अशा सहा टिपक्या, सहावी टिपकी म्हणजे नऊ. तेव्हा घड्याळासमोर उभं राहायचं, काटा मिळवायचा, नोंद करायची. आणि सोमवारी चावीही द्यायची. आठवड्याची चावी होती, सोमवारपर्यंत स्प्रिंग अगदी ढिली होऊन रडतखडत चालायची. मोठे साहेब म्हणायचे, या खोलीत अधिकारी एकच, तो भिंतीवर टांगलाय, बाकी आपण सगळे शिपाई. तर नऊला तीन मिनिटं कमी असताना फोन वाजला. फोन बाहेर, बोळात. मी रेडिओ मोठा केला, दार उघडं टाकलं आणि गेलो. तिचा होता. मी विचारलं, नेहमीसारखं, हसत — ‘डिस्ट्रेस, तातडी की सूचना?’ ती म्हणाली, ‘तातडी.’ मग म्हणाली, ‘नाही हो, तातडीच. तुम्ही काम करा. मी फक्त सांगून ठेवते, की मी बाळाला खाटेवर ठेवलंय आणि स्वयंपाकघरात येऊन दार आतून लावून घेतलंय. तुम्ही येईपर्यंत उघडणार नाही. मला माझीच भीती वाटतेय.’

मुलगी एकवीस दिवसांची होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हे — हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. मला फक्त घड्याळाचं सांगायचं होतं, आणि तेही सांगायचं की नाही हे तुम्ही आल्यावर ठरवणार होतो. आजकाल त्याला नाव आहे, औषध आहे, बाळंतिणींना तसं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा काय होतं? तेव्हा ‘नाजूक आहे, रडते’ एवढंच होतं. पण मी रोज आठ तास ऐकण्याचंच काम करणारा माणूस, ताई. त्या आवाजात तातडी नव्हती. ती वरची हाक होती, खालच्या शब्दात. मी फोन ठेवला नाही. बोलत राहिलो. काय बोललो? काहीही. भाजी काय आणलीस. खिडकीतून काय दिसतं. दुसऱ्या हाताने समोरच्या ऑफिसातल्या कारकुनाला खुणेने बोलावलं, चिठ्ठी लिहून दिली, त्याने त्याच्या फोनवरून आमच्या शेजारच्या काकूंना कळवलं, आणि काकू घरात शिरून, बाळाला उचलून, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ‘उघड गं राणी, मी आहे’ म्हणेपर्यंत मी लाइनवर होतो. अकरा मिनिटं. मागे उघड्या दारातून सहा टिपक्या ऐकू आल्या मला. स्पष्ट. मी मोजल्या. आणि तिला म्हणालो, ‘हं, मग खिडकीत आणखी काय दिसतं?’

परत येऊन बसलो तेव्हा घामाने शर्ट चिकटला होता. कालच तर जुळवलंय, म्हटलं, किती सरकणार. बाराला पुढचा इशारा आहेच. आणि लिहिलं — फरक शून्य. चावीचं तर डोक्यातच आलं नाही.

अकरा वाजून — किती? नऊ. अकरा नऊ. अजून आहेत.

तर मग ती वेळ. माझ्या घड्याळात अकरा वाजून साडेबारा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, शांततेला अडीच मिनिटं आहेत, तेवढ्यात तुमच्या वडिलांचा तातडीचा निरोप आणखी एकदा सगळ्यांना देऊ, सावकाश, म्हणजे कोणी नवशिक्याही उतरवून घेईल. मला वाटलं, मी मदत करतोय. दोन मिनिटं दिला मी तो. आमचं यंत्र जबरदस्त होतं, त्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठं. ते चालू असताना दुसरं काही ऐकू येणं शक्य नाही, ना मला, ना आसपासच्या कोणाला. संपवलं, हात काढला, अर्ध्या मिनिटाने काटा लाल पाचरीत शिरला. मी कान दिला. शांत. इतकी छान शांतता होती. आणि माझी पाचर जेमतेम अर्धं मिनिट सरली असेल, तोच एक जहाज बोलायला लागलं. बिनधास्त! मला असा संताप आला. लगेच दुसरं. मग तिसरं. मी पेन उचललं, तिघांचीही तक्रार करायला. तारीख लिहिली आणि थांबलो. तीन जहाजं. तिन्ही एकदम चुकली? सगळं जग चुकतंय आणि मी एकटा बरोबर?

बोळात जाऊन एक्स्चेंजच्या बाईला वेळ विचारली. ती म्हणाली, ‘अकरा एकवीस, साहेब.’ माझ्याकडे अठरा आणि थोडं वर. अडीच मिनिटं, ताई. जग गप्प बसलं होतं तेव्हा मी बोलत होतो.

मी चावी दिली. बारा फेरे बसले, एवढी उतरली होती स्प्रिंग. काटा पुढे घेतला. आणि नोंदवहीत काही लिहिलं नाही. मग तुमच्या वडिलांना हाक मारली. मारतच राहिलो. उत्तर नाही. मग सगळ्या जहाजांना तिकडे वळवायला लागलो, पण डिस्ट्रेसची हाक नाही म्हणून लवकर कोणी वळेना, पहिलं पोचलं ते तीनला. लाकूड, आणि ती एक होडी. एकोणीस जण गेले हे तुम्हाला माहीत आहे. पाणी गार होतं, तरी काही जण तासभर तरंगत होते म्हणे, ओंडक्यांना धरून. सव्वा अकराला सगळ्यात जवळचं जहाज चाळीस मिनिटांवर होतं. हा हिशोब मी एकदाच केला. तुमचे वडील वाचले नसते, असं मला वाटतं. ते खोलीतून बाहेर पडलेच नाहीत, असं खलाशी म्हणाला. पण बाकीच्यांबद्दल असं म्हणता येत नाही मला.

का नाही बोललात? विचारा ना मोठ्याने, ओठांतल्या ओठांत नको. नोकरी? नोकरीची भीती होतीच, नव्हती असं म्हणून उगाच मोठा होत नाही. पण त्याहून — वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला होता. धक्क्यावर उभ्या होतात, आईचा पदर धरून, दोन दात नाहीत. माझ्या बायकोने तो कापून ठेवला. ती तेव्हा नुकती कुठे जेवायला लागली होती, बाळाला जवळ घ्यायला लागली होती. फोटो दाखवून मला म्हणाली, ‘हिच्या वडिलांनी हाक का दिली नसेल हो?’ आता मी काय सांगू? की दिली असेल, पण मी ऐकली नाही, कारण घड्याळ मागे होतं, कारण नऊला मी तुझ्याशी बोलत होतो? दाराआड बसलेल्या त्या बाईला एकोणीस माणसं देऊ? ती वाचली असती? मी हिशोब केला आणि एका बाजूला ती ठेवली, दुसऱ्या बाजूला तुमचे वडील, जे तसेही गेले होते. नुसतं नाव उरलं होतं त्यांचं. नावाला काय होतंय, म्हटलं. तुमच्या आईचा, ब्रेडच्या रांगेचा विचार केला नाही मी. कर्तव्यात कसूर कोणाची झाली ते लिहून देतो, आजच देतो. खरं तर लिहून ठेवलंय, चौदा वेळा लिहिलंय, प्रत्येक वेळी ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ असं घालून. त्या दोन शब्दांपाशी अडतो मी. कारण मला स्वतःला एक पळवाट होती, तेवढी कबूल करतो. घड्याळ मागे होतं, मान्य. मी शांततेत बोललो, मान्य. पण त्या दोन मिनिटांत हाक आली होतीच, हे कशावरून? कदाचित कप्तानाने शेवटी नाहीच म्हटलं असेल. कदाचित बॅटरी आधीच गेली असेल. कदाचित अहवाल बरोबर असेल! सत्तावीस वर्षं मी त्या ‘कदाचित’च्या बळावर झोपलो.

अकरा तेरा. आता वेळ थोडा आहे, मध्ये काही विचारू नका.

निवृत्त झाल्यावर मी पत्रं लिहायला लागलो. त्या दिवशी त्या भागात कोणकोणती जहाजं होती, कुठल्या देशांची, त्यांच्या नोंदवह्या कुठे ठेवतात. बायकोला सांगायचो, जुन्या सोबत्यांना लिहितोय. पुष्कळांची उत्तरंच आली नाहीत. एक आलं. परदेशी जहाज, फार लांबून चाललं होतं, चौकशीत त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या रेडिओवाल्याने सव्वा अकराची शांतता पाळली होती आणि जे ऐकलं ते लिहून ठेवलं होतं, आपल्याला काय करायचंय म्हणून पान उलटलं असणार. त्या पानाची प्रत शिक्क्यासकट माझ्याकडे आली. बायको आत मुलीशी फोनवर बोलत होती, हसत होती. मी ती वाचली आणि तिथे ठेवली.

तिथे. घड्याळात. उठा, त्या तबकडीच्या बाजूला खिट्टी आहे, दार उघडतं. लंबकाच्या मागे पाकीट आहे. माझा सही केलेला कागदही त्यातच आहे, ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ खोडून. दोन्ही घेऊन जा. आईला वाचून दाखवा. मला निरोप म्हणून काही सांगू नका, नमस्कारही नको, दार नुसतं ओढून घ्या. काटा आता शिरेल, मी काही बोलणार नाही. पाचवी ओळ बघा. एकोणीस वर्षं झाली, पाठ आहे मला: ‘अकरा पंधरा ते अकरा सतरा. संकटाची हाक, अतिशय क्षीण, पुन्हा पुन्हा. प्रत्येक रेघेनंतर हात अडतो. किनारा तिला दाबून बोलत आहे.’